सुटका झाली म्हणजे काय झालं?

लॉजवर छापा घालून देहविक्रीसाठी आणलेल्या मुलींची सुटका केल्याची बातमी कट्ट्यावर सगळ्यांनी वाचलेली, त्यामुळे चर्चा मधूनच सुरू झाली. अण्णा उभे राहिले. मत द्यायचं झालं की ते उभेच राहतात आणि मांडीवर थाप मारतात.

"भर चौकात फाशी द्या! एकाला लटकवला की पुढचे दहा दलाल आपोआप धंदा सोडतील."

"बातमी शेवटपर्यंत वाचलीत का?" शैलानं विचारलं.

"मथळ्यावरून कळतं मला."

दिगंबर वकील हसला. "अण्णा, ही हौस सरकारलाही होती. मानवी तस्करीविरोधी कायद्याच्या 2021च्या मसुद्यात काही गुन्ह्यांना फाशी लिहिली होती. मसुदा संसदेत आलाच नाही. त्याआधीचं 2018चं विधेयक लोकसभेत मंजूर झालं, राज्यसभेत कुणी हातात घेतलं नाही, 2019ला बाद झालं. आणि आत्ता शिक्षा कमी आहे म्हणता? भारतीय न्याय संहितेचं कलम 143 काढा. अल्पवयीन मुलीची तस्करी केली तर किमान 10 वर्षं, वर जन्मठेप."

"मग घोडं अडलंय कुठं?"

"साक्षीला," शैला म्हणाली.

शैलानं बरीच वर्षं सुधारगृहात समुपदेशक म्हणून काढली आहेत. अशा मुलींबरोबर कोर्टाच्या बाकावर बसलेली आमच्यात ती एकटीच, आणि या विषयात मी तिचंच ऐकतो.

"पोरगी घरी परत जाते. गावात कुणाला काही सांगितलेलं नसतं. वर्षांनी समन्स येतं, तेही गणवेशातल्या हवालदाराच्या हातात, भर दुपारी. तोवर दलाल जामिनावर सुटून तिच्या भावाला फोन करत असतो. कधीकधी विकणारी सख्खी मावशी असते. मग ही कोर्टात म्हणते, मी यांना ओळखत नाही. आपण तिला फितूर म्हणतो आणि फाईल बंद."

"साक्षीदार संरक्षण योजना आहे की," दिगंबर म्हणाला. "सर्वोच्च न्यायालयानं 2018लाच मान्य केली. नव्या नागरिक सुरक्षा संहितेत, म्हणजे फौजदारी खटले चालवायच्या कायद्यात, राज्यांना ती करायलाच सांगितलीय."

"आहे ना. अर्ज कुणी करायचा, ते त्या पोरीला कुणी सांगितलं? आणि तिच्याच जिल्ह्यातून व्हिडिओवर साक्ष घ्यायला काय अडचण आहे? तुम्ही वकील लोक तारखा घेता तेवढ्या वेळात दोन साक्षी होतील."

दिगंबरला हे लागलं. मंगेशनं लगेच हात धुऊन घेतले, "याच्याकडे माझ्या बांधाची केस आहे. मुलगा शाळेत होता तेव्हा घातली, आता नोकरीला लागला!" त्यावरून दोघांची जुनी फीची कटकट निघाली. ती मिटवून विषयावर यायला बराच वेळ गेला.

आल्यावर मंगेश म्हणाला, "पण शैला, सगळ्याच काही फसवून आणलेल्या नसतात. काही स्वतःहून करतात."

"बरोबर. मग त्यांना डांबता कशाला?"

मंगेशला वाटलं होतं ती चिडेल. तो गप्पच बसला.

"पिटाचं, म्हणजे अनैतिक व्यापार प्रतिबंध कायद्याचं, कलम 17 वाच. छाप्यात सापडलेल्या बाईला मॅजिस्ट्रेट एक ते तीन वर्षं सुधारगृहात ठेवू शकतो. सज्ञान असली तरी. मुंबई उच्च न्यायालयानं 2020 मध्ये अशा तिघींना सोडलं. सर्वोच्च न्यायालयानं 2022 मध्ये सांगितलं, मनाविरुद्ध ठेवलेल्या सज्ञान बायका शोधा आणि ठरावीक मुदतीत सोडायची व्यवस्था करा. आदेश निघाला, कलम जागच्या जागी. आमच्याकडे एक बाई रोज विचारायची, मी कुठला गुन्हा केला? तिचं पोर बाहेर कुणाकडे तरी होतं. काय उत्तर देणार होते मी?"

"कलम 8 पण सांग," दिगंबर म्हणाला.

"तू सांग, वकील तू आहेस."

"गिऱ्हाईक बोलावण्याचा गुन्हा. पहिल्यांदा सापडली तर सहा महिन्यांपर्यंत कैद. पुढं अपवाद घातलाय: हाच गुन्हा पुरुषानं केला तर सात दिवस ते तीन महिने."

अण्णा बसले. "कुणी लिहिलं हे?"

"उभं राहून मत देणाऱ्यांनी," शैला म्हणाली. "2021ला नागपूरची गंगा-जमुना वस्ती पोलिसांनी बंद केली, तेव्हाही तुम्ही इथं भाषण ठोकलं होतं. तस्करी संपली म्हणालात. बायका गेल्या कुठं, हे नाही विचारलंत."

"आता जुनं कशाला उकरतेस?"

"कारण दर छाप्याला तेच होतं. एफआयआरमध्ये नुसती पिटाची कलमं लावतात. तस्करीचं 143 लावलं नाही, तर तिला कुणी विकलं याचा तपासच होत नाही. आणि भरपाई? आरोपी सापडला नाही तरी पीडितेला ती मागता येते, कायद्यातच आहे. मिळते किती जणींना? हातात चार पैसे नाहीत, खोली नाही, कामाचं शिक्षण नाही. महिनाभरात दलालाचा माणूस दारात. सुटका झाली असं छापतात, पुढचं कुणी छापत नाही."

यावर कुणीच काही बोललं नाही. मला तर कायदा बदलायचा तो इथूनच, असं तेव्हाही वाटलं, आत्ताही वाटतंय.

अण्णांना मात्र हार मानायची सवय नाही. "ते सगळं खरं. पण साक्ष द्यायला धैर्य लागतं. आमच्या काळी माणसं कोर्टात ताठ उभी राहायची!"

शैला त्यांच्याकडे वळली. "अण्णा, तुम्ही सायकलचोरीत पंच होतात ना? कोर्टात जाऊन काय सांगितलंत?"

"आठवत नाही म्हणालो. पुन्हा पुन्हा बोलावत होते, कामधंदे सोडून किती जायचं?"

"सायकलसाठी. समोर एक भुरटा चोर. त्या पोरीसमोर कोण उभं असतं, बघा."

"आणि सायकल सुपूर्दनाम्यावर, म्हणजे मालकानं हमी लिहून दिल्यावर, लगेच सुटली होती," दिगंबर म्हणाला. "सज्ञान बाईला तेवढीही सोय नाही."

"तुला रे काय माहीत, कधी सुटली?"

"आमच्या बाबांचीच होती की! चोर तुमच्यामुळे सुटला, हे ते अजून सांगतात."

मंगेश कट्ट्यावरून घसरायचाच बाकी होता. शैलासुद्धा हसली. अण्णा पुन्हा उभे राहिले, मांडीवर थाप मारली आणि म्हणाले, "ब्रेक नव्हते तिला! चोरानं उपकार केले तुमच्यावर!"