‘ओढ असेल तो फुकटही येईल’ : एका प्रतिक्रियेला उत्तर

सर, नमस्कार.

उन्हाळी संशोधनावरच्या माझ्या लेखाखाली तुम्ही ‘एक निवृत्त विज्ञान शिक्षक’ अशी सही करून प्रतिक्रिया लिहिलीत. लेख वाचला नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. हातावर पोट असलेल्या घरांतल्या नववी ते अकरावीच्या मुलांना मे महिन्याच्या सुट्टीत सहा आठवडे शिरगावचं मत्स्य महाविद्यालय, दापोलीचं कृषी विद्यापीठ, वेंगुर्ल्याचं फळ संशोधन केंद्र अशा ठिकाणी शास्त्रज्ञांच्या हाताखाली काम करू द्यावं आणि त्याचं मानधन द्यावं, असं मी लिहिलं होतं. त्यावर तुमचं म्हणणं असं की एवढ्या मुलांकडून संशोधन होत नाही, बाटल्या धुऊन घेतात, चार मुलं निवडण्यापेक्षा तो पैसा शाळांच्या प्रयोगशाळांना द्यावा, आणि “ज्याला खरी ओढ आहे तो फुकटही येईल, मानधनाची चटक लावून विज्ञानाला मजुरीवर आणू नका.” शेवटी जाता जाता “गरिबीचं भांडवल करून लिहिणं सोपं असतं” हेही सुनावलंत.

एक चूक आधी मान्य करतो. अमेरिकन केमिकल सोसायटीचा ‘प्रोजेक्ट सीड’ 1986 साली सुरू झाला असं मी लिहिलं होतं. तुम्ही दाखवून दिलंत त्याप्रमाणे ते साल 1968 आहे. आकडे उलटसुलट झाले, लेखात दुरुस्त केलं आहे. आभारी आहे. मात्र त्या उपक्रमात गरीब घरातल्या शाळकरी मुलांना उन्हाळाभर प्रयोगशाळेत काम मिळतं आणि त्याचे पैसेही मिळतात, ही मूळ गोष्ट साल चुकल्याने खोटी ठरत नाही.

आता त्या ‘फुकट’बद्दल.

मी राजापूर तालुक्यातला. नववीची परीक्षा झाली त्या वर्षी आमच्या विज्ञानाच्या सरांनी रत्नागिरीत एका प्राध्यापकांकडे माझ्यासाठी शब्द टाकला होता. खाडीच्या पाण्यावर त्यांचं काम चाललं होतं, सुट्टीत मदतीला मुलगा चालणार होता. फी नाही, काही नाही. फुकट. निरोप आला तेव्हा मी आंब्याच्या शेडमध्ये पेटीत पेंढा भरत होतो. सकाळी घळ (आंबे उतरवायची जाळीची काठी) घेऊन झाडावर, दुपारनंतर शेडमध्ये वर्गवारी, असा तो महिना. देठाचा चीक उडून मनगटापासून कोपरापर्यंत भाजल्यासारखे काळे डाग पडलेले असत. निरोप ऐकून मी बाबांकडे पाहिलं. ते एवढंच म्हणाले, “आगोटीची बेगमी कशातून करायची?”

मी गेलो नाही. ओढ नव्हती म्हणून नव्हे, सर. माझी मजुरी धरल्याशिवाय आमच्या घरात पावसाळ्याचं तांदूळ-मीठ भरलं जात नव्हतं, वह्यांचं तर लांबच.

कोकणात मे महिना म्हणजे सुट्टी असते ती मुंबईहून येणाऱ्या पाहुण्यांची. इथल्या कष्टकरी घरांसाठी तो वर्षातला सगळ्यात मोठा कमाईचा महिना. आंबा, काजूबी, फणस, त्यातच पावसाआधीची घराची डागडुजी. अशा घरातल्या मुलाला ‘फुकट ये’ म्हणणं म्हणजे त्याच्या आईबापांना सहा आठवड्यांची मजुरी सोडा म्हणणं. ज्याचा बाप नोकरीत आहे तो येईल. त्यालाच तुम्ही ‘खरी ओढ’ म्हणणार का? मानधन ही चटक नाही, बुडालेल्या मजुरीची भरपाई आहे. इस्रोच्या ‘युविका’त 2019 पासून नववीच्या मुलांना दोन आठवडे नेतात, प्रवास-राहणं-जेवण इस्रो करतं. चांगलंच आहे. पण ती मुलांना विज्ञान दाखवणारी योजना, आणि दोन आठवडे घर कसंही ढकलतं. सहा आठवडे नाही ढकलत.

बाटल्या धुण्याचं म्हणाल, तर होय, मी धुतल्या. अकरावीनंतर त्याच प्राध्यापकांनी एसटीचे आणि जेवणाचे पैसे स्वतःच्या खिशातून दिले, तेव्हा कुठे मी गेलो. पहिला आठवडा बाटल्याच. मग त्यांनी पाण्यातला विरघळलेला ऑक्सिजन मोजायला शिकवलं. बाटली काठोकाठ भरायची, आत बुडबुडा राहता कामा नये. मँगनीज सल्फेट आणि अल्कलीयुक्त आयोडाइड पिपेटने पाण्याच्या आत सोडायचं. पाण्यात ऑक्सिजन असला की तपकिरी साका बसतो, आम्ल घातलं की विरघळून पाणी पिवळं होतं. मग ब्युरेटमधून थायोसल्फेट (ते किती लागलं त्यावरून ऑक्सिजन कळतो), पिवळा रंग फिका झाला की स्टार्च, गर्द निळा रंग, आणि पुन्हा थेंब थेंब. एका थेंबाला निळा रंग जातो. तो थेंब चुकला तर नमुना फुकट. एका पहाटे जेट्टीजवळच्या साचलेल्या पाण्यात साका जवळजवळ पांढराच बसला, म्हणजे त्यात ऑक्सिजन उरलाच नव्हता. दुपारी त्याच जागी तपकिरी. का, हे शोधायला मी रात्रभर दर तीन तासांनी पाणी भरलं. शेवाळ रात्री ऑक्सिजन खातं आणि उजाडल्यावर सोडतं, हे पुस्तकात होतंच, पण मला ते बाटलीत दिसलं. याला संशोधन म्हणायचं नसेल तर तुमची मर्जी.

शाळांच्या प्रयोगशाळांना पैसा द्यावा, जरूर द्यावा. मी कुठे नको म्हटलं? तो वेगळा विषय आहे.

राहिलं ‘गरिबीचं भांडवल’. हे वाक्य मला लागलं, लपवत नाही. मुद्दा खोडायचा तर खोडा, पण चिकाने भाजलेल्या हाताने लिहिणाऱ्याला भांडवलदार ठरवायचं आणि स्वतःचं नावही लिहायचं नाही, ही शिक्षकाला शोभणारी रीत नव्हे. पुढची प्रतिक्रिया नावानिशी लिहा. आणि एवढं सांगा, इतकी वर्षं शिकवलंत, त्यात मे महिन्यात बागेत कामाला जाणारी तुमच्या वर्गात किती मुलं होती, आणि त्यांतल्या कुणाला तुम्ही कधी विचारलं होतं का?