बहात्तर तासांची सॅक

सोलापूरकराला ‘घरात तीन दिवसांचे पिण्याचे पाणी साठवून ठेवा’ असा सल्ला देणे म्हणजे वारकऱ्याला चालण्याचे फायदे समजावून सांगण्यासारखे आहे. नळाला चार-पाच दिवसांआड पाणी येणाऱ्या या शहरात घर बांधताना आधी हौदाची जागा ठरते आणि मग उरलेल्या जागेत खोल्या बसवल्या जातात. आमच्याही घरी गच्चीवर टाकी, अंगणात हौद, न्हाणीघरात पिंप, स्वयंपाकघरात घागरी-कळश्या आणि पलंगाखाली थंड पेयांच्या बाटल्यांतून भरलेले राखीव पाणी, असा चौफेर बंदोबस्त कायमचा असतो. पाहुण्यांनी कधी यावे, चादरी कधी धुवाव्यात आणि डोक्यावरून आंघोळ कोणी कधी करावी, हे सगळे पाण्याच्या वारावर ठरते. आमचे उजनी धरणही असे, की ते शून्य टक्क्यावर आल्यानंतरसुद्धा उणे पन्नास टक्क्यांच्याही खाली जाऊ शकते. त्याच्या सुमारे 117 टीएमसी (अब्ज घनफूट) साठ्यापैकी 63 टीएमसीहून अधिक पाणी कागदोपत्री मृतसाठा, म्हणजे शून्य टक्क्याखालचे, धरले जाते, आणि ऐन उन्हाळ्यात अख्खे शहर त्या मृतावर जिवंत असते.

त्यामुळे आमच्या कार्यालयात आपत्ती व्यवस्थापनाचे प्रशिक्षण झाले आणि आपत्कालीन संचाचे माहितीपत्रक हाती पडले, तेव्हा यादीतल्या पहिल्याच ओळीवर मी तिथल्या तिथे बरोबरची खूण केली. प्रशिक्षणाला निमित्त होते ते सीनेच्या महापुराचे. 2025 च्या सप्टेंबरमध्ये करमाळा, माढा, मोहोळ या तालुक्यांतल्या नदीकाठच्या गावांत पाणी शिरले होते, आणि भूगोलाच्या पुस्तकात ज्याची ओळख अवर्षणप्रवण अशी करून दिली जाते, त्या जिल्ह्यातल्या माणसांना बोटीतून बाहेर काढावे लागले होते. प्रशिक्षकांचे म्हणणे अगदी रास्त होते. मदत पोहोचेपर्यंतचे पहिले बहात्तर तास कुटुंबाने आपल्या बळावर काढायचे, आणि त्यासाठी लागणाऱ्या वस्तू एका सॅकमध्ये भरून, एका हाताने उचलता येतील अशा, दाराजवळ तयार ठेवायच्या.

खरी अडचण ‘एका हाताने’ या दोन शब्दांत होती. माणशी रोज चार लिटर पाणी, घरात आम्ही पाच जण आणि दिवस तीन, असा हिशेब मांडल्यावर उत्तर साठ लिटर आले. म्हणजे साठ किलो. घराबाहेर पडताना मला जवळजवळ माझ्याच वजनाचा दुसरा एक गृहस्थ पाठीवर घ्यावा लागणार होता. शेवटी सॅकमध्ये प्रत्येकाची एक बाटली आणि पाणी शुद्ध करण्याच्या क्लोरीनच्या गोळ्या ठेवायच्या आणि बाकीचे पाणी दैवावर सोपवायचे, असे ठरले. उरलेल्या सामानासाठी मी नवी पेठ गाठली. टॉर्च मिळाला, दोरी मिळाली, शिट्टी मिळाली. ढिगाऱ्याखाली अडकल्यास ओरडून घसा आणि दम दोन्ही संपतात, म्हणून शिट्टी वाजवावी, असे माहितीपत्रकात लिहिले होते; दुकानदाराने ती वाजवून दाखवली तेव्हा समोरून जाणारे दोन रिक्षावाले थांबले. रेडिओपाशी मात्र गाडी अडली.

“सेलवरचा रेडिओ?” दुकानदाराने मला वरपासून खालपर्यंत न्याहाळले. “आता कोण घेतंय साहेब? मोबाइलमध्ये सगळं येतंय की.”

“पण मोबाइलचे टॉवर बंद पडले तर?”

“टॉवर बंद पडले तर आमचं दुकान पण बंद असतंय,” असे म्हणून त्याने तो विषय मिटवला, आणि थोड्या वेळाने, बहुधा माझ्या चेहऱ्याची दया येऊन, माळ्यावरून धूळ झटकत एक लाल रंगाचा छोटा रेडिओ काढून दिला. त्यावर सोलापूर आकाशवाणी खणखणीत लागत होती. आईने तो पाहताक्षणी हातात घेतला, कानाशी लावला आणि पुढचा सगळा घोटाळा तिथून सुरू झाला. पण त्याआधी खाद्यपदार्थांबद्दल सांगायला हवे.

शिजवावे लागत नाही, सहज विटत नाही, वजनाला हलके आणि पोटाला भक्कम असे काहीतरी बरोबर असावे, अशी यादीतली अट होती, आणि कंसात बिस्किटे सुचवली होती. ही सूचना वाचून आमच्या घरात जी शांतता पसरली, ती अपमानाची होती. कडक भाकरीच्या गावात आपत्तीच्या वेळी बिस्किटे खायची? आईने दुसऱ्याच दिवशी ओळखीच्या बाईंकडून ज्वारीच्या आणि बाजरीच्या कडक भाकरी मागवल्या. पातळ थापलेल्या, तव्यावर भाजून नंतर पूर्ण वाळवलेल्या, वर तीळ दाबलेल्या त्या भाकरीत पाण्याचा अंशही राहिलेला नसतो, आणि म्हणूनच तिला बुरशी लागत नाही; बोटांनी दाबली की ती आधी किंचित वाकल्याचा भास होतो आणि मग कट् आवाज करून अशी तुटते, की तिळाचे चार दाणे समोरच्याच्या ताटात जातात. तिच्या जोडीला शेंगाची चटणी आली. भाजलेले दाणे, लाल तिखट, लसूण, जिरे आणि मीठ उखळात कुटता कुटता दाण्यांचे तेल सुटून चटणीला जो लालसर ओलावा येतो, त्या ओलाव्यासकट ती बरणीत दाबून भरली गेली. शासनाने आपत्कालीन आहार म्हणून हेच का जाहीर करू नये, याचे उत्तर मला अजून मिळालेले नाही.

प्रत्यक्षात दोन शास्त्रीय अडथळे उद्भवले. एक म्हणजे ही चटणी खाल्ल्यावर माणूस चार लिटर पाण्यात भागवू शकत नाही. दुसरा असा, की सॅकमध्ये भाकरीवर रेडिओ, रेडिओवर औषधांची पेटी आणि या सगळ्यावर शेजारच्या काकांनी आग्रहाने ठेवलेली चादर असल्यामुळे भाकरीचा आठवडाभरात चुरा झाला. चुरा झाल्याची बातमी कशी फुटली कोण जाणे, पण एका संध्याकाळी मी घरी आलो तेव्हा मुले, सौ. आणि आई अशी सगळी मंडळी त्या चुऱ्यात दही, कांदा आणि शेंगाची चटणी कालवून गोलाकार बसली होती. “चुरा काय टिकणार नव्हता अहो,” सौ. म्हणाली, आणि तिने एक वाटी माझ्यापुढेही केली. आपत्कालीन साठा दर सहा महिन्यांनी बदलावा असे माहितीपत्रकात आहे. आमच्याकडे तो सहा दिवसांत बदलू लागला.

चादरीचे प्रकरण वेगळे. माहितीपत्रकात चंदेरी पन्नीचे एक पातळ पांघरूण सुचवलेले आहे, जे शरीराची उष्णता परत शरीराकडे वळवते आणि घडी घातल्यावर खिशात मावते. आमच्या शेजारच्या काकांचे घराणे चार पिढ्या मागावर बसलेले. त्यांनी ते पांघरूण दोन बोटांत धरून उजेडाकडे केले, चुरचुर आवाज ऐकला आणि काही न बोलता आत जाऊन एक जाडजूड जॅकार्ड चादर आणून सॅकवर ठेवली. “तुमची पन्नी उपम्याचे डबे बांधायला बरी,” एवढेच ते म्हणाले. मी वजनाचा मुद्दा काढताच त्यांनी माझ्या थोरल्या मुलाला चादरीवर झोपवले, चार कोपरे चौघांकडून धरवले आणि त्याला जिन्यावरून खाली उतरवून दाखवला. जखमीला न्यायला झोळी, उन्हात सावली, ओली केली तर धुरात नाकातोंडाला आडोसा, आणि काहीच झाले नाही तर अंगावर घ्यायला. पन्नीला यातले किती येते, असा त्यांचा सवाल होता. चादर राहिली आणि सॅकची चेन कायमची उघडी राहिली.

आईने या सगळ्या खटाटोपाकडे प्रथमपासून थोड्या कनवाळूपणे पाहिले आहे, कारण तिच्याकडे अनुभव आहे. 30 सप्टेंबर 1993 च्या पहाटे 3 वाजून 56 मिनिटांनी किल्लारीचा भूकंप झाला तेव्हा सोलापुरात आमच्या मांडणीवरची भांडी आपोआप वाजू लागली होती. तिकडे गणपती विसर्जन करून लोक नुकतेच झोपले होते, आणि जाड दगडमातीच्या भिंती व वरचे मातीचे माळवद यांखाली हजारो माणसे झोपेतच गेली. आमच्या गल्लीत कोणाला खरचटलेही नाही, तरी पुढच्या कितीतरी रात्री सगळी गल्ली रस्त्यावर अंथरुणे टाकून झोपत होती. आईचे म्हणणे असे, की त्या पहाटे अंधारात तिला तीनच गोष्टी सापडल्या नाहीत: चपला, चष्मा आणि कडीकुलुपाची किल्ली. तेव्हापासून त्या तिन्ही ती उशापायथ्याशी ठेवून झोपते. प्रशिक्षकांनीही फुटलेल्या काचांसाठी पलंगाजवळ पायताण ठेवायला सांगितले होते. पण ते सांगायला त्यांना चाळीस स्लाइड लागल्या होत्या.

भूकंप किंवा पूर झाला आणि आपण वेगवेगळ्या ठिकाणी असलो तर कुठे जमायचे, हेही कुटुंबाने आधी ठरवायचे असते. मी चार पुतळ्यांच्या चौकाचे नाव सुचवले. सौ.ला तिथे गाडी लावायला जागा मिळत नाही. धाकटीला सिद्धेश्वर तलाव हवा होता, पण पुराच्या वेळी तलावाकाठी जमण्याला आईने हरकत घेतली. थोरल्याने भेळेच्या गाडीची शिफारस केली. मग एकमेकांचे नंबर कागदावर लिहायला बसलो तेव्हा लक्षात आले, की घरातल्या एकालाही दुसऱ्याचा नंबर पाठ नाही. 112, रुग्णवाहिकेचा 108 आणि जिल्हा नियंत्रण कक्षाचा 1077 हे मात्र धाकटीने एका दमात म्हणून दाखवले. म्हणजे संकटात आम्ही जिल्हाधिकारी कार्यालयाशी सहज बोलू शकू, एकमेकांशी नाही.

खरे सांगायचे तर या सॅकला आपत्तीची भीती नाही. तिला भीती घरातल्यांची आहे. जी वस्तू वापरायची नाही म्हणून नीट, एका जागी, हाताशी ठेवलेली असते, तीच घरात सर्वांत आधी वापरली जाते, कारण बाकीची एकही वस्तू जागेवर नसते. सॅकमध्ये मी दहा, वीस आणि पन्नासच्या नोटा ठेवल्या होत्या, कारण वीज गेल्यावर एटीएम आणि मोबाइलवरचे पैसे चालत नाहीत. भाजीवाल्याने ‘सुट्टे द्या’ म्हटले की आमच्या घरातला प्रत्येक हात आता सॅककडे जातो. टॉर्चचे सेल भिंतीवरच्या घड्याळाने नेले. प्लास्टिकच्या पिशवीत घालून ठेवलेल्या रेशन कार्ड, आधार आणि सातबाऱ्याच्या प्रती तर कधी सॅकमध्ये दिसतच नाहीत, कारण कुठे ना कुठे, कोणाचे ना कोणाचे केवायसी चाललेलेच असते.

याला अपवाद एकच, आणि तिथे मी तक्रार करणार नाही. मे महिन्यात पारा 44 च्या घरात जातो तेव्हा सॅकमधली ओआरएसची पाकिटे कोणीही, कधीही, न विचारता घ्यावीत असा आमच्याकडे नियम आहे. दारावर घामाघूम उभा असलेला सिलिंडरवाला, दुपारी शाळेतून लाल होऊन आलेली पोर, हट्टाने भर उन्हात मंगळवार बाजार करून आलेली आई, यांची आपत्ती सायरन वाजवून येत नाही. पाकिटे संपली तर एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ, हे प्रमाण सॅकच्या आतल्या कप्प्यावर लिहून ठेवले आहे. फक्त चमचा चहाचा घ्यायचा, हे सांगावे लागते. आमच्याकडे मोठे डाव हाती लागतात.

बाकी वस्तूंच्या गळतीवर उपाय म्हणून मी शेवटी एक शिस्त घातली. सॅकमधून जो जे नेईल, त्याने त्या जागी नाव, वस्तू आणि कारण लिहून चिठ्ठी ठेवायची. ही सूचना घरात एकमताने मंजूर झाली आणि, माझ्या घराच्या इतिहासात प्रथमच, तंतोतंत पाळलीही गेली. परवा हवामान खात्याचा इशारा आला आणि पाठोपाठ घरातले सगळे मोबाइल एकदम कोकलले, तेव्हा मी सॅक उचलायला गेलो. ती खरोखरच एका हाताने उचलली गेली. आत चादर होती आणि चिठ्ठ्या होत्या. ‘दोरी – गच्चीवर, कपडे वाळले की आणते.’ ‘शिट्टी – पीटीच्या सरांनी ठेवून घेतली, पालकांना बोलावलंय.’ ‘पन्नास रुपये – कोथिंबीर, मिरची, उरलेले उद्या.’ ‘कात्री – शेजारच्या काकांनी, माग अडकलाय.’

“हे घेऊन मी कुठे जाऊ?” मी विचारले.

“एवढं काय त्यात?” सौ. म्हणाली. “निघायची वेळ आली तर चिठ्ठ्या घेऊन निघू. कोणती वस्तू कुठं आहे ते तरी कळतंय ना. आधी तर तेही कळत नव्हतं.”

रेडिओची चिठ्ठी तेवढी सापडली नाही. रेडिओ आईच्या उशाशी, चपला, चष्मा आणि किल्लीच्या शेजारी लागलेला होता, आणि त्यावर अतिवृष्टीच्या सूचना दिल्या जात होत्या. मी हात पुढे केला तसा तिने तो चादरीखाली ओढला.

“थांब रे जरा,” ती म्हणाली. “बातम्या संपल्या की भक्तिगीतं आहेत.”