एसी दिसता कामा नये

बंगल्याच्या गच्चीवर एक खोली चढवली की घरातल्या सगळ्यांचं एका गोष्टीवर एकमत होतं. खोलीत गारवा हवा, एसी मात्र दिसता कामा नये. पाहुण्यांना थंडी वाजावी, पण ती येते कुठून हे कळू नये. इंटीरियरवाल्या मॅडम याला 'क्लीन लुक' म्हणतात आणि त्याचं बिल वेगळं लावतात. (बांधकामाच्या परवानगीचा विषय मी काढत नाही. तो घरातलंही कुणी काढत नाही.)

मला हा लपंडाव मान्य आहे. फक्त सुरुवात फॉल्स सीलिंगपासून नको, उन्हापासून करा. पुण्या-नाशकात उघडा स्लॅब एप्रिलात दिवसभर तापतो आणि आपण आडवं व्हायच्या वेळी सगळी उष्णता खाली सोडतो. 12 बाय 15ची जी खोली तळमजल्यावर दीड टनात भागते, तिला गच्चीवर, त्यातून पश्चिमेला खिडकी असली तर, दोन टनही कमी वाटू लागतात. स्लॅबवर 50 मिलिमीटरचा फोमचा थर आणि त्यावर पांढरं चायना मोझॅक (फुटक्या टाइल्सच्या तुकड्यांची फरशी) केलं, तर मशीन लहान घेता येतं. पण हे काम कधीच कुणाला दिसत नाही, म्हणून त्यावर पैसे घालायला कुणी तयार नसतं!

मग येते उंची. 'स्लिम' म्हणून विकलेलं डक्टेबल युनिट, म्हणजे सीलिंगमागे लपून डक्टमधून हवा सोडणारा एसी, 8 इंच जाडीचं असतं. त्याला लटकवायच्या सळ्या आणि पाण्याचा उतार धरला की सीलिंग फूटभर खाली येतं. दहा फुटी खोली नऊ फुटांची होते, आणि घरातला उंच मुलगा पंख्याकडे संशयाने बघू लागतो. माझं मत विचाराल तर अख्खी खोली खाली उतरवूच नये. वॉर्डरोबच्या किंवा बाथरूमच्या पॅसेजच्या डोक्यावर तेवढाच लॉफ्ट करावा, युनिट त्यात सरकवावं आणि समोरच्या जाळीतून हवा आडवी फेकावी. या युनिटांचा पंखा नाजूक असतो, हवेला दाब देतो जेमतेम 10 ते 30 पास्कल. त्याच्यापुढे चार वळणांचा लवचीक डक्ट ठेवला तर हवा दुसऱ्या वळणावरच दमते.

मॅडमना जाळीऐवजी एक इंची फट हवी असते. दीड टनाचं मशीन मिनिटाला 500-600 घनफूट हवा फेकतं. ती आखूड फटीतून काढली की रात्रभर शिट्टी ऐकत झोपायचं. परतीच्या हवेची जाळी तर सगळ्यांनाच नकोशी. ती दोन चौरस फुटांच्या खाली गेली की आतल्या थंड नळ्यांच्या कॉइलवर बर्फ धरतो. आणि ती थंड हवेच्या तोंडाशी बसवली, तर मशीन स्वतःचीच हवा पिऊन 'खोली गार झाली' असं समजतं आणि आपण घामाघूम होऊन रिमोट बडवत बसतो.

पण खरा खलनायक पाणी. जुलैच्या दमटपणात दीड टनी एसी तासाला लिटर-दीड लिटर पाणी काढतो. हे पाणी न्यायच्या पाइपला मीटरमागे किमान 1 सेंटिमीटर उतार लागतो, म्हणजे बाथरूम 5 मीटरवर असेल तर 5 सेंटिमीटर. एवढी उंची सीलिंगमध्ये कुणी राखलेली नसते. मग प्लंबर म्हणतात, "होऊन जाईल साहेब," आणि पाइप सपाट झोपवतात. पहिल्या पावसाळ्यात सीलिंगवर पिवळा नकाशा उमटतो. उतार बसत नसेल तर ड्रेन पंप घ्यावा, तोही फ्लोट स्विचचा, म्हणजे पाणी साठलं की मशीन आपणहून बंद पडतं. पाइपलाही इन्सुलेशन हवंच, नाहीतर तो बाहेरून घामाघूम होतो. आणि त्याचं तोंड थेट मैल्याच्या लाइनीत सोडायचं नाही, नहाणी ट्रॅपवर मोकळं ठेवायचं. नाहीतर गारव्याबरोबर येणारा वास कुठल्याच क्लीन लुकमध्ये बसत नाही.

तांब्याच्या नळ्या, दीड टनाला साधारण दोन सूत आणि चार सूत (सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग), भिंतीत गाडायच्या असतील तर आत एकही जोड नको. नायट्रोजन भरून 24 तास दाबाच्या गेजचा काटा हलत नाही ना ते पाहायचं आणि मग व्हॅक्यूम पंप लावायचा. थोडा गॅस सोडून 'हवा काढली' म्हणणाऱ्या मेकॅनिकला चहा पाजावा, पण पंप आणायला परत पाठवावं.

बाहेरचं युनिटही लोकांना लपवायचं असतं. त्याला लाकडी पेटीत कोंडलं की ते स्वतःचाच गरम उच्छ्वास पुन्हा ओढतं आणि मे महिन्यात, नेमकं गरज असताना, ट्रिप होतं. मागे अर्धा फूट, पुढे दोन फूट मोकळं सोडा. जाळी लावायचीच तर 70 टक्के तरी उघडी असू द्या.

राहता राहिला सीलिंगमधला दुरुस्तीचा दरवाजा. दोन बाय दोनचा, युनिटच्या पीसीबीखाली (सर्किट बोर्डाखाली) आणि पंपाखाली. "लुक जातो साहेब," असं पीओपीवाले हमखास म्हणतात आणि एक फुटावर तडजोड सुचवतात. एक फुटातून मेकॅनिकचं डोकं जातं, हात जात नाही, आणि फिल्टर धुवायला नुसतं डोकं पुरत नाही. म्हणून सीलिंगचा शेवटचा बोर्ड चढण्याआधी युनिटच्या पाणी साठायच्या ट्रेमध्ये दोन लिटर पाणी ओता, पंप सुरू होऊन ते नहाणीत पडेपर्यंत बाथरूममध्ये उभे राहा, मगच स्क्रू मारू द्या. तेवढ्यात पीओपीवाले तंबाखू मळून घेतात. मळू द्यावी.