हॅरी राइट कारकून होता का? – एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार,

'हॅरी राइट हा मॅनेजर कसला, तिकिटं काढणारा कारकून! संघ जिंकायचा तो धाकट्या जॉर्जच्या जिवावर,' असं तुम्ही माझ्या हॅरीवरच्या लेखाखाली लिहिलंत. (हॅरी म्हणजे एकोणिसाव्या शतकातला अमेरिकी बेसबॉल मॅनेजर, जॉर्ज त्याचा धाकटा भाऊ आणि खेळाडू.) यातलं अर्धं मला मान्य आहे. 1869 च्या सिनसिनाटी रेड स्टॉकिंग्जमध्ये जॉर्जचा पगार 1400 डॉलर आणि संघ चालवणाऱ्या थोरल्याचा 1200. म्हणजे कोणाची किंमत किती, हे त्या दोघांनाही ठाऊक होतं! आणि तुमच्या बाजूचा सगळ्यात मोठा पुरावा तुम्ही दिलाच नाहीत. 1879 मध्ये जॉर्ज प्रॉव्हिडन्स संघाचा मॅनेजर झाला आणि पहिल्याच वर्षी हॅरीच्या तेव्हाच्या बॉस्टन संघाला मागं टाकून विजेतेपद घेऊन गेला. हॅरीच्या वाट्याला ते परत कधी आलं नाही. हे मी लेखात गाळलं, चूक माझीच.

पण 'कारकून' म्हणून हिणवणं पटत नाही. तेव्हा मॅनेजरचं काम तेच होतं. सामने पत्रांतून ठरवायचे, गेटच्या पैशांची वाटणी घासाघीस करून पक्की करायची, रेल्वे आणि हॉटेलं बघायची, आणि वर स्वतः सेंटर फील्डला क्षेत्ररक्षणाला उभं राहायचं. वडील शेफील्डहून न्यूयॉर्कला आलेले व्यावसायिक क्रिकेटपटू, त्यामुळे खेळ हा पोटापाण्याचा धंदा असतो हे पोरानं घरातच पाहिलेलं. एकजण चेंडूवर गेला की दुसऱ्यानं त्याच्या मागं धावायचं, ही सवय त्यानं संघाला लावली. आपल्याकडे गल्लीतसुद्धा 'बॅकअप, बॅकअप' ओरडतात, तेच.

आता 14 जून 1870, ब्रुकलिन. बेसबॉलचे ठरलेले नऊ डाव संपले, 5-5. सिनसिनाटी तोवर वर्षभराहून जास्त काळ अजिंक्य. ब्रुकलिनचा संघ अटलांटिक्स, ते बरोबरीवर खूश होऊन मैदान सोडायला निघाले होते. हॅरी अडून बसला, सामना पुढं खेळायचाच. अकराव्या डावात त्याच्या संघानं दोन धावा काढल्या, ब्रुकलिननं तीन. 8-7. वहीतला आकडा जपणारा माणूस बरोबरी खिशात घालून घरी गेला असता.

राहता राहिला 'जॉर्जच्या जिवावर'. 1883 मध्ये फिलाडेल्फियानं 17 सामने जिंकले होते, हरले होते 81. पुढच्या वर्षी हॅरी तिथं गेला, सोबत जॉर्ज नव्हता. 1887 मध्ये त्याच क्लबचे विजय 75, क्रमांक दुसरा. 1890 मध्ये डोळ्यांनी दगा दिला, काही महिने दिसेनासं झालं, तरी परत येऊन 1893 पर्यंत तिथंच राहिला.

1879 ची ओळ मूळ लेखात आजच घालतो.