‘सांगूनही आवाज वाढवला नाही’: एका अभिप्रायाला आमचं उत्तर

नमस्कार मॅडम,

कार्यक्रमातल्या आमच्या साउंडबद्दलचा तुमचा अभिप्राय दोनदा वाचला. तारा एकच दिलात, तक्रारी मात्र पाच आहेत. इतर गायकही हे वाचतील, म्हणून आधी त्या थोडक्यात मांडतो. इन-इअरमध्ये, म्हणजे गायकाला स्टेजवर ऐकण्यासाठी कानात घालायच्या इअरपीसमध्ये, स्वतःचा आवाज डब्यात बसून गाल्यासारखा येत होता. काही सूर लावले की ते कानातून नाहीसेच व्हायचे. खुणा करकरून सांगितलं तरी आमच्या मॉनिटर इंजिनिअरने, म्हणजे कलाकारांच्या कानातला आवाज सांभाळणाऱ्याने, आवाज वाढवला नाही. बाहेर श्रोत्यांना जातो तसा कॉम्प्रेस केलेला, म्हणजे चढउतार कमी केलेला, आवाज कानात मागितला, तर तो नाही म्हणाला. टाळ्याही ऐकू आल्या नाहीत. शेवटी तुम्ही एक कान काढून गायलात, रात्रभर दुसरा कान वाजत राहिला, आणि आता अर्धे पैसे परत मागता आहात.

तुम्हाला जे ऐकू आलं ते तसंच आलं असणार, याबद्दल मला शंका नाही. माझं म्हणणं आहे ते कारणांबद्दल. मी इंजिनिअरशी सविस्तर बोललो आणि त्या कार्यक्रमाची मिक्सरमध्ये साठवलेली सेटिंगची फाइल उघडून पाहिली, त्यावरून लिहितो आहे.

डब्यापासून सुरू करू. दोन्ही कानांत बोटं घाला आणि आधी ‘आ’ म्हणा, मग ‘ई’. ‘ई’ला डोक्यात घुमल्यासारखं होईल. गाताना आपला आवाज हाडांतून आणि जबड्यातून कानाच्या नळीपर्यंत पोचतो आणि तिच्या भिंती थरथरवतो. कान उघडा असतो तेव्हा या थरथरीतला खर्जाचा भाग बाहेर निघून जातो. कान बंद केला की तो आतच कोंडतो. साधारण 500 हर्ट्झच्या खाली ही वाढ 15 ते 20 डेसिबलपर्यंत जाऊ शकते. म्हणजे हा घुमारा मिक्सरमधून येतच नाही, त्यामुळे मिक्सरवरचं कुठलंही बटण तो काढू शकत नाही. इंजिनिअरच्या हातात एवढंच असतं की वायरमधून येणाऱ्या आवाजातला 200 ते 400 हर्ट्झचा भाग कमी करायचा, म्हणजे दोन्हींची बेरीज होऊन चिखल होत नाही. त्याने ते केलं होतं, फाइलमध्ये दिसतं. खरा इलाज कानाच्या मापाने बनवलेल्या, नळीत खोलवर, हाडाच्या भागापर्यंत जाणाऱ्या इअरपीसचा आहे. तुमचे इअरपीस सिलिकॉनच्या तयार टोप्यांचे होते आणि त्या नळीच्या तोंडाशीच बसतात. त्या वाईट नसतात, पण घुमारा सगळ्यात जास्त होतो तो तिथेच. शिवाय तोंड मोठं उघडून गायलं की जबडा हलतो आणि टोपी सैल होते. मग घुमाराही जातो आणि बेस-ड्रमचा सगळा तळही जातो, आणि मघापर्यंत ठीक वाटणारा आवाज पत्र्यासारखा लागतो. पहिल्या दोन गाण्यांत ‘फार जड’ आणि ‘फार पातळ’ अशा दोन्ही खुणा तुम्ही केल्यात, त्याचं कारण बहुधा हेच.

आता नाहीशा होणाऱ्या सुरांबद्दल. तुमच्या अभिप्रायातला हा सगळ्यात महत्त्वाचा मुद्दा आहे, आणि ज्या गायकांना ‘इन-इअर मला मानवत नाही’ असं वाटतं त्यांच्यातल्या बऱ्याच जणांची अडचण इथेच असते.

गायकाच्या कानात त्याचा आवाज दोन वाटांनी येतो. एक हाडांतून, जवळजवळ तत्काळ. दुसरा माइक, मिक्सर आणि पॅक (कमरेला लावायचा, इन-इअरचा रिसीव्हर) असा फिरून, थोडा उशिरा. ड्रमरला किंवा गिटारिस्टला दोन-चार मिलिसेकंदांनी काही फरक पडत नाही. तेवढ्या वेळात आवाज हवेतून फार तर मीटर-दीड मीटर जातो, आणि स्टेजवरच्या स्पीकरसमोर उभं राहिलं तरी तेवढं अंतर असतंच. पण गायकाच्या कानात आधीचा आणि उशिरा आलेला आवाज जवळजवळ सारख्याच ताकदीचे असतात आणि एकमेकांत मिसळतात. काही सुरांना ते एकमेकांना उचलून धरतात, काहींना खोडून काढतात.

साउंडचेकला आमच्या इंजिनिअरने तुम्हाला एकच ओळ दोनदा गायला लावली होती, आठवत असेल. ‘सारखं सारखं तेच गायला लावलं’ असं तुम्ही लिहिलं आहे. मधल्या वेळात तो माइकची पोलॅरिटी उलटवत होता, म्हणजे ध्वनिलहरीचे चढ आणि उतार आपसांत बदलत होता. तसं केलं की खोडल्या जाणाऱ्या आणि उचलल्या जाणाऱ्या सुरांची अदलाबदल होते. दुसऱ्यांदा गायलात तेव्हा ‘आता भरलेला वाटतो’ असं तुम्हीच म्हणालात, म्हणून त्याने उलटी पोलॅरिटी कायम ठेवली. तेव्हा तुमच्या हातात आमचा वायरचा माइक होता. इन-इअरचा सेट अ‍ॅनालॉग होता, त्यात उशीर जवळजवळ नसतो. डिजिटल मिक्सर धरून एकूण उशीर दीड मिलिसेकंदाच्या आसपास.

कार्यक्रम सुरू होताना तुम्ही स्वतःचा डिजिटल वायरलेस माइक घेऊन आलात. माइक उत्तम आहे, त्याबद्दल बोलायचंच नाही. पण त्याने सुमारे अडीच मिलिसेकंदांची भर घातली आणि एकूण उशीर झाला चार. आता कागदावरचा हिशेब पाहा. 250 हर्ट्झच्या सुराचं एक आवर्तन, म्हणजे एक पूर्ण कंपन, बरोबर 4 मिलिसेकंदांचं असतं. म्हणजे इअरपीसच्या वायरमधला आवाज नेमका एक आवर्तन मागून येतो आणि, पोलॅरिटी उलटी असल्यामुळे, हाडांतल्या आवाजाला छेद देतो. 500 आणि 750 लाही तेच होतं. 250 च्या सुरासोबत आपोआप उमटणारे वरचे अंश नेमके 500 आणि 750 वरच असतात, त्यामुळे नुसता मूळ सूर जात नाही, त्याच्याबरोबर त्याचा सांगाडाही जातो. पेटीवर पाहायचं तर ही जागा पांढरी सातच्या अगदी जवळ आहे. प्रत्यक्षात खड्डा थोडा इकडेतिकडे पडतो, कारण कवटी आणि इअरपीस प्रत्येकाचे वेगळे. पण ‘खालच्या पट्टीत एक सूर लावला की मी गातेय की नाही तेच कळेना’ या तुमच्या वाक्याशी हे इतकं जुळतं की मला दुसरं कारण शोधावंसं वाटत नाही.

मग इंजिनिअरने लगेच पोलॅरिटी परत का नाही फिरवली? कारण चालू ओळीत ते बटण दाबलं की कानातल्या आवाजाचा पोतच एकदम बदलतो आणि गायक दचकतो. दुसऱ्या गाण्यानंतर निवेदन चालू असताना त्याने ती फिरवली. तोवर तुमचा डावा कान बाहेर आला होता, आणि एक कान उघडा असताना हा सगळा हिशेबच बदलतो.

आवाज न वाढवण्याबद्दल. तुमचा पॅक पूर्ण वाढवलेला होता, मिक्समध्येही तुमचा आवाज सगळ्यांच्या वर होता आणि लिमिटर, म्हणजे ठरलेल्या मर्यादेवर आवाज अडवणारी सोय, लागायला सुरुवात झाली होती. लिमिटर लागल्यावर पुढे काहीही वाढवलं तरी मोठं होत नाही, सगळंच फक्त चेपलं जातं. लिमिटर काढायची सोय असते. आम्ही तो काढत नाही, कुणासाठीच नाही. एखादी केबल निखळली किंवा माइक स्पीकरसमोर गेला तर जो आघात होतो तो थेट कानाच्या पडद्याजवळ होतो.

आणि एक कान काढण्याबद्दल थोडं कडक बोलणार आहे, कारण कान तुमचा आहे. दोन्ही कानांनी ऐकताना मेंदू दोन्हीकडचं जोडून घेतो. एक कान काढला की तेवढाच मोठा आवाज भासण्यासाठी उरलेल्या कानात 3 ते 6 डेसिबल जास्त लागतात. उघड्या कानात ड्रम येतात ते वेगळेच, त्यांच्याशी स्पर्धा करायला माणूस आणखी वाढवतो. अमेरिकेतल्या नायॉश या संस्थेच्या शिफारशीनुसार 85 डेसिबलला दिवसाचे आठ तास चालतात आणि पुढच्या प्रत्येक 3 डेसिबलला ही वेळ निम्मी होते. 94 ला एक तास. 100 ला पंधरा मिनिटं. तुमचा कार्यक्रम दोन तासांच्या वर चालला. टॉकबॅकवर (इंजिनिअरला तुमच्या कानात बोलता येतं तो माइक) इंजिनिअर तुम्हाला ‘दुसरा कान आधी आत घाला’ असं म्हणाला आणि तुम्हाला ते उद्धट वाटलं. दोन ओळींच्या मधल्या जागेत बोलायचं असतं, तिथे ‘कृपया’ बसत नाही. मला त्या वाक्यात काही गैर दिसत नाही. कान अजून वाजत असेल तर मात्र वाट पाहू नका, कानाच्या डॉक्टरांना दाखवून ऐकण्याची तपासणी करून घ्या.

कॉम्प्रेसरचं उत्तर सोपं आहे. बाहेरच्या मिक्समध्ये तुमच्या आवाजाला 4:1 चा कॉम्प्रेशन होता. म्हणजे थ्रेशोल्डच्या, ज्या पातळीपासून कॉम्प्रेशन सुरू होतं तिच्या, वर तुम्ही 8 डेसिबल जोर लावला की श्रोत्यांना 2 डेसिबलच वाढ मिळते. श्रोत्यांसाठी छान. पण तेच कानात दिलं तर जोर लावूनही आवाज वर जाताना ऐकू येत नाही, म्हणून गायक आणखी जोर लावतो, आणि तासाभरात गळा बसतो. शिवाय कॉम्प्रेशननंतर पातळी भरून काढली की दोन ओळींच्या मध्ये तुमच्याच माइकमधून ड्रमच्या झांजा कानात ओतल्या जातात. म्हणूनच आम्ही गायकाचा माइक दोन वेगळ्या चॅनलवर घेतो, एक बाहेरसाठी, एक कानासाठी. यात मी बदल करणार नाही.

सूर खाली गेल्याचा उल्लेख तुम्ही ओझरता केला आहे. स्वतःचा आवाज कानात फारच वर असला की गायक नकळत मागे सरतो, हळू गातो आणि सूर उतरायला लागतो, असा आमचा नेहमीचा अनुभव आहे. सूर धरायला स्वतःच्या आवाजापेक्षा कीबोर्ड जास्त उपयोगी पडतो. फाइलमध्ये तुमच्याच खुणेवरून तो तीनदा खाली आणलेला आहे.

टाळ्या. इन-इअर घातल्यावर एकटं पडल्यासारखं वाटतं, हे शंभर टक्के खरं. त्यासाठी स्टेजच्या दोन कडांना श्रोत्यांकडे तोंड करून दोन माइक लावलेले होते. गाणं चालू असताना ते खाली ठेवतो, कारण दहा मीटरवरून येणारा आवाज तीसेक मिलिसेकंदांनी मागे असतो आणि कानात तो प्रतिध्वनीसारखा घोळ घालतो. गाणं संपलं की वर आणतो. डावा माइक डाव्या कानात, उजवा उजव्यात, म्हणजे सभागृह रुंद वाटतं. डावा कान खांद्यावर लोंबत असेल तर अर्धं सभागृह तिथेच राहतं.

पैशांबद्दल: यंत्रणा चालली, माणूस पूर्ण वेळ उभा होता, तेव्हा ते परत करणार नाही. पण तुमचा पुढचा कार्यक्रम कुणाकडेही असो, त्याआधी एक दुपार आमच्याकडे या. वाद्यवृंद नको, कीबोर्ड आम्ही लावू, फी नाही. तुमचा माइक आणि तुमचे इअरपीस आणा. फोमच्या टोप्या वेगवेगळ्या मापांत घालून पाहू, त्या सिलिकॉनपेक्षा घट्ट बसतात आणि जबड्याबरोबर कमी हलतात. दोन्ही पोलॅरिटींवर तुमची पूर्ण पट्टी खालून वरपर्यंत गाऊन कुठला सूर कुठे पडतो ते लिहून घेऊ. तेवढ्यानेही खड्डा राहिला तर त्याच माइकची वायरची आवृत्ती लावून फरक ऐकवतो, मग कुठला वापरायचा ते तुम्ही ठरवा. तयार झालेली फाइल पेनड्राइव्हवर देतो, त्याच जातीचा मिक्सर असेल तर दुसरा कुठलाही इंजिनिअर ती उघडू शकेल.

तोच इंजिनिअर बसेल. नको असेल तर आधी कळवा, मी स्वतः बसतो.