बाण काढणाऱ्या महाशया, एकदा स्वतःच्या बाणामागे चालून बघ!

पावागडावर दगडांवर पिवळ्या ऑइल पेंटने बाण काढून ठेवणारा जो कोण आहे, त्याला मला एकदाच त्याच्याच बाणांमागून चालवायचंय. पाठीवर पाण्याच्या चार बाटल्या आणि शेजारी दर दहा पावलांना "मावशी, अजून किती?" विचारणारी माझी भाची.

पावागड काही मला नवा नाही. बडोद्यापासून पन्नासेक किलोमीटर. दांडियाबाजारातून पहाटे निघायचं, हालोलला चहा, चांपानेरच्या तटाला वळसा घालून माची, आणि तिथून पायऱ्या किंवा रोपवे. नवरात्रात आजीचा हात धरून इतक्यांदा कालिकामातेला गेलेय की कुठल्या वळणावर ती "जरा टेकूया गं" म्हणायची, ते आजही दाखवीन.

पण या रविवारी आमच्या बंधुराजांना हुक्की आली. "ताई, पायऱ्या काय, म्हातारेकोतारेही चढतात! पायथ्यापासून जुन्या वाटेने जाऊ. खुणा केल्यात, चुकायचा प्रश्नच नाही."

पहिला अर्धा तास खरंच छान गेला, हे कबूल करते. अटक दरवाजा, पडकी तटबंदी, सकाळचं ऊन, एक माणूस नाही. पायऱ्यांवरच्या त्या गर्दीत आणि लाउडस्पीकरच्या गोंगाटात हा डोंगर कधी दिसलाच नव्हता.

मग एक मोठा दगड आला. त्यावर पिवळा बाण डावीकडे, लाल ठिपका उजवीकडे, मध्ये पांढरी फुली. प्रत्येक ग्रुपचा आपला रंग, आपली वाट, आणि आधीच्याने काय खूण केलीय ते बघायची कुणालाच गरज नाही. पुढच्या खडकावरची एक पांढरी खूण तर मी मिनिटभर न्याहाळली. पक्ष्याची शीट निघाली. तरी तिने आम्हाला निदान चुकीच्या वाटेला लावलं नाही.

आम्ही पिवळ्याच्या मागे गेलो. चार बाण चढाचे, पाचवा उताराचा, सहावा नाहीच. डबा संपला असेल, दुसरं काय! समोर कमरेएवढं वाळलेलं गवत आणि त्यापलीकडे घाणेरीची जाळी. भावाच्या मोबाइलला रेंज नाही, पण तोरा कायम: "पाच मिनिटं, ताई." ही पाच मिनिटं सव्वा तास चालली. शेवटी बकऱ्या घेऊन एक काका आले. आमच्याकडे बघून म्हणाले, "बेन, आ तो ढोरनो रस्तो छे." म्हणजे आम्ही गुरांच्या वाटेने, माचीकडे पाठ करून, विश्वामित्रीच्या घळीकडे निघालो होतो. नदी इथेच उगम पावते आणि पुढे आपल्या बडोद्यातून जाते, मगरींसकट. अजून थोडं चाललो असतो तर पुराच्या पाण्याबरोबरच घरी पोचलो असतो!

वाट चुकल्याचं एक वेळ सोडून देईन. पण हा रंग साध्या दगडांवरच नाही, तटाच्या घडीव चिऱ्यांवरही फासलाय. गुजरातच्या सुलतान महमूद बेगड्याने 1484 मध्ये हा गड घेतला, त्याआधी कित्येक महिने वेढा देऊन बसला होता. 2004 पासून चांपानेर-पावागड जागतिक वारसा आहे. आणि त्या चिऱ्यावर बाण, बाणाखाली ग्रुपचं नाव, नावाखाली मोबाइल नंबर. वाट दाखवायचीय की धंदा करायचाय? चार दगड एकावर एक रचले तर हात झडतात का? चुकलेच तर पुढचा माणूस ते मोडू तरी शकतो. ऑइल पेंट काय नखांनी खरवडू?

माचीवर पोचलो तेव्हा भाचीच्या मोज्यांत इतकी कुसळं होती की मोजे सरळ टाकूनच दिले. माझ्या ओढणीतली मी आज तिसऱ्या दिवशीही चिमट्याने काढतेय. आणि आतल्या खोलीत आमचे बंधुराज फोनवर कुणाला तरी सांगताहेत, "अरे, एकदम सोपी वाट आहे. खुणा केल्यात."