बुझकशी युद्धाने संपली? धनी बदलले, खेळ राहिला

‘अफगाणिस्तानातला बुझकशी हा घोडेस्वारांचा खेळ युद्धाने संपवला, तालिबानने त्यावर कायमची बंदी घातली, आणि तसाही तो लढाईचाच सराव होता.’ हा मजकूर सध्या जोरात फिरतो आहे. बुझकशीत मेलेल्या बकऱ्याचे किंवा वासराचे धड घोड्यावरूनच उचलून पळवायचे असते.

‘युद्धाने संपवला.’ डिसेंबर 1979 मध्ये सोव्हिएत फौजा आल्यावर मोडली ती काबूलची सरकारी स्पर्धा. 1953 मध्ये ती राजा झहीर शाह यांच्या वाढदिवसाला सुरू झाली होती. गावचा खेळ निर्वासितांबरोबर पाकिस्तानातही गेला. उत्तरेकडच्या माळांवर सुरुंग होते, शेकडो घोडेस्वार उघड्यावर जमवणे जोखमीचे होते. तरी तो तगला.

‘कायमची बंदी.’ बंदी 1996 ते 2001 मधली, तीही तालिबानच्या ताब्यातल्या मुलखापुरती. 2021 नंतर त्यांच्याच राजवटीत संघांचे सामने होत आहेत.

‘लढाईचा सराव.’ हा खेळ चंगीझखानाच्या सैन्यातून आला, ही दंतकथाच आहे. खेळ बघा. वासराचे मुंडके आणि गुडघ्याखालचे पाय कापून धड थंड पाण्यात भिजत ठेवतात, म्हणजे ओढाताणीत ते लवकर फाटत नाही. बकरा लवकर फाटतो, म्हणून आता वासरूच जास्त. चाबूक दातांत धरून चापंदाज, म्हणजे बुझकशीचा तयारीचा स्वार, खोगिरावरून जमिनीपर्यंत वाकतो, धडाचा पाय पकडतो आणि ते मांडीखाली दाबून धरतो. मांड ढिली पडली की शेजारचा स्वार हिसकावतो. खेळाचे प्रकार दोन: ‘तुदाबराई’त धड घेऊन गर्दीतून सुटले की झाले, ‘कराजाई’त निशाणाला वळसा घालून ते वर्तुळात टाकावे लागते.

युद्धाने खरा घाव घातला तो घोडे पोसणाऱ्यांवर, आणि त्याबद्दल त्या मजकुरात अवाक्षर नाही. घोडा तयार व्हायला काही वर्षे जातात, रोजचे जव आणि मोतद्दार वेगळाच. एवढा खर्च चापंदाजाच्या आवाक्याबाहेरचा, त्यामुळे तो बहुधा दुसऱ्याच्याच घोड्यावर बसतो. आपल्याकडे बैलगाडा शर्यतीत जशी गाडामालकाची इभ्रत पणाला लागते, तशी इथे घोडेमालकाची. पूर्वी हा मालक गावचा खान असे. युद्धात कित्येक खान मारले गेले, कित्येक परागंदा झाले, आणि पागा कमांडरांकडे गेल्या. दोस्तुम आणि मार्शल फहीम हे त्यातले बडे आश्रयदाते. फहीम 2014 मध्ये वारले, 2021 मध्ये दोस्तुम देश सोडून गेले. आज संघांमागे व्यापाऱ्यांचा पैसा आहे.